महागावची आखूड फाईल

गावंडे साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "राऊत मॅडम, हा तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, कुलूप लावून. महागावच्या आहेत. यूसुफभाईला घरी बसवलं."

पितळी कडं, त्यात पाच-सहा किल्ल्या. मोठ्या शटरची किल्ली तर इतकी घासलेली की तिचे दात बोथट झाले होते. हा जुडगा मी यूसुफभाईंच्या कमरेलाच पाहिला होता, दुसरीकडे कधी नाही. मी विचारलं, झालं तरी काय. साहेब म्हणाले, "तुमचाच कॉम्प्युटर सांगून राहिला, अन् तुम्ही मलाच विचारता?"

आता हे नीट समजायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. मी तेव्हा यवतमाळला एका खाजगी गोदाम कंपनीत सिस्टीम्स पाहत होते. सिस्टीम्स म्हणायला मोठा शब्द. सर्व्हरपासून प्रिंटरच्या रिबनपर्यंत सगळं त्यात आलं, आणि उंदरानं वायर कुरतडली तरी फोन मलाच. आमची गोदामं जिल्हाभर होती. उमरखेडला सोयाबीन, राजूरकडे तूर आणि थोडंफार इतर, महागावला कापसाच्या गाठी. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर कापूस. भाव पडलेले, त्यामुळे व्यापारी रुई विकायला तयार नव्हते. आज ना उद्या भाव चढेल म्हणून गाठी गोदामात टाकून ठेवायचे. महागावचं गोदाम छपरापर्यंत भरलेलं असायचं.

याआधी कुठल्याशा दुसऱ्या कंपनीच्या गोदामातून माल परस्पर गेल्याची बोलवा उठली होती. खरं-खोटं देव जाणे. पण तेव्हापासून आमचं मुंबईचं हेड ऑफिस ताकही फुंकून प्यायला लागलं. त्यांनीच पुण्याच्या एका कंपनीकडून नवीन प्रोग्राम घेतला. प्रत्येक गोदामात एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि टेलिफोनची लाइन. संध्याकाळी ठरलेल्या वेळी तो कॉम्प्युटर आपला आपणच दिवसभराची एक फाईल बनवायचा. फाईलमध्ये आधी आवक, म्हणजे आत आलेला माल, मग जावक, म्हणजे बाहेर गेलेला. ही फाईल लाइनवरून माझ्याकडच्या फाईल ट्रान्सफर सर्व्हरवर यायची.

फाईल ट्रान्सफर सर्व्हर म्हणजे भिंतीवरची टपालपेटी समजा. प्रत्येक गोदामाचा त्यात एक कप्पा. गोदामानं फाईल कप्प्यात टाकायची, रात्री माझ्या सर्व्हरनं सगळे कप्पे उघडायचे, नोंदी घ्यायच्या आणि शिल्लक साठा मुंबईला कळवायचा. कोणी बटण दाबायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. माणसाचा हातच लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण म्हणून पुण्याच्या लोकांनी तो विकला होता.

ऑक्टोबरात सुरू झालं ते झकास चाललं. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी मुंबईहून तपासणीला माणूस आला. त्यानं महागावच्या थप्प्या मोजल्या, तर कॉम्प्युटरमध्ये होत्या तितक्या गाठी गोदामात नव्हत्या. बऱ्याच कमी होत्या. यूसुफभाईंनी गेट पास दाखवले. गेट पास म्हणजे ट्रक बाहेर पडताना फाडतात तो कागद. त्यांचं म्हणणं, गाठी ट्रकनं गेल्या, ज्यांच्या होत्या त्यांनीच नेल्या. मुंबईचा माणूस म्हणाला, कागद मागाहूनही फाडता येतो, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल. त्यावर गावंडे साहेबांनी महागावच्या बाजारात, गोदामाच्या फाटकासमोर, हमालांच्या देखत यूसुफभाईंकडून किल्ल्या मागून घेतल्या.

मला यूसुफभाईंचा पुळका नव्हता, हे आधीच सांगते. माणूस खडूस. फोन केला तर "सलाम" म्हणायच्या आधी तक्रार. तुमचा प्रिंटर कागद खाते, तुमची मशीन गरम होते, जसं काही मशीन मी माहेरून आणलं होतं. आधी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होते, तिथून आमच्याकडे आले आणि इथेच केस पांढरे केले. मी त्यांना चोर म्हटलं नसतं. पण कोणी शपथ घालून विचारलं असतं, तर साव आहेत असंही छातीवर हात ठेवून म्हटलं नसतं. कॉम्प्युटरवर माझा विश्वास होता. पगार त्याचाच घेत होते ना.

त्यांच्या जागी उमरखेडहून पंकजला पाठवलं, ऑफिसातल्या दुसऱ्या किल्ल्या देऊन. तिशीतला, हुशार, सोयाबीनच्या गोदामात तयार झालेला. पंकज आला आणि महागावचा हिशोब चोख जुळायला लागला. रोज जितकी आवक तितकी आवक, जितकी जावक तितकी जावक. गावंडे साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता बोला." माणूस हलवला आणि तूट थांबली, याहून मोठा पुरावा काय पाहिजे? मुंबईनं सांगून टाकलं, सोमवारी पोलिसात तक्रार द्या. तक्रार टाइप होऊन साहेबांच्या फोल्डरमध्ये तयार होती. माझ्या वाट्याला एवढंच काम आलं की शनिवारी महागावला जायचं, तिथल्या कॉम्प्युटरची कॉपी काढायची आणि पोलिसांसाठी सीलबंद करून आणायची.

कॉपी त्या माणसाच्या समोर काढावी, नंतर कटकट नको, म्हणून मी यूसुफभाईंना निरोप धाडला. उमरखेडच्या गाडीनं महागावला उतरले, तर ते फाटकाबाहेर उभे. आत या म्हटलं तर म्हणाले, "किल्ली घेतली तुम्ही. आता आत कोणत्या हक्कानं येऊ?" शेवटी मीच खुर्ची पुढं केली तेव्हा आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. खुर्चीवर नाही.

गोदामाचं ऑफिस म्हणजे थप्प्यांच्या अलीकडे काढलेली एक खोली. पंकजनं चहा मागवला. यूसुफभाईंनी चहा घेतला नाही. माझी तलाशी घ्या, घर पाहा, असलं काही म्हणतील असं मला वाटलं होतं. तसं काहीच नाही. मग एकदाच बोलले.

"मॅडम, टपरीवर मी गेलो की लोकं बोलणं बंद करतात. कालपरवापर्यंत हमाल दुरून सलाम करत, आता खाली पाहून निघून जातात. इतकी वर्षं रुईमध्ये काढली म्या. कानात अत्तराचा फाया ठेवाले बोळा लागते ना, तो बी बाजारातून इकत आणला. इथून नाही नेला."

मी कामाला लागले. येताना मी सर्व्हरवर आलेल्या महागावच्या फायली छापून आणल्या होत्या. इथल्या कॉम्प्युटरमध्ये त्याच दिवसांच्या मूळ फायली होत्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. कमी माल हललेल्या दिवसाच्या फायली दोन्हीकडे सारख्या. ज्या दिवशी ट्रक जास्त, त्या दिवसाची इथली फाईल लांब आणि माझ्याकडे आलेली आखूड. आणि तुटलेली नेहमी शेपटी. शेपटीत काय असायचं? जावक. म्हणजे गाठी बाहेर गेल्याच्या नोंदी माझ्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. माझा सर्व्हर गेलेल्या गाठी गोदामातच धरून बसला होता.

मी पुण्याला फोन लावला. तिकडे निखिल म्हणून एक होता, आवाज गोड, उत्तर तयार. तो म्हणाला, आमच्याकडून निघालेली फाईल पूर्णच पोचते, अर्धी ओळ आली तर प्रोग्राम ती ओळ सोडून पुढे जातो, त्यात काही अडचण नाही. तिथल्या माणसानं मागाहून मूळ फाईलमध्ये नोंदी घातल्या असणार. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. पण त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे तरी काय होतं? मूळ फायली यूसुफभाईंच्याच ताब्यात होत्या. पोलिसही हेच म्हणाले असते. आणि पंकज आल्यापासून शेपट्या का तुटत नाहीत, याचं उत्तर मला द्यायचं होतं.

मी यूसुफभाईंना खोदखोदून विचारलं. फाईल जाताना कोणी कॉम्प्युटरला हात लावत होतं का? नाही. बंद करत होते का? "मी कायले हात लावू? तुम्हीच म्हटलं ना, आपलं आपण होते म्हणून." लाइन खराब होती का? नाही. पंकजला विचारलं, तू काही वेगळं करतोस का? तो म्हणाला, काहीच नाही, काम आटोपलं की फाईल गेल्याचं पाहतो, लाइट बंद करतो, शटर लावतो.

त्या दिवशी माल बराच हलला होता. ऊन उतरलं, शेवटचा ट्रक गेला, पंकजनं नोंदी संपवल्या. ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर आपणहून जागा झाला आणि फाईल निघाली. स्क्रीनवर ती निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. मी यूसुफभाईंना जुन्या एका ट्रकबद्दल विचारत होते आणि ते सांगत होते, कोणाचा ट्रक, कुठं गेला, ड्रायव्हर कोण. तेवढ्यात बाजाराकडच्या मशिदीतून मगरिबची, दिवस बुडतानाची अजान सुरू झाली.

यूसुफभाई बोलता बोलता उठले. वाक्य अर्धवट सोडलं नाही, ड्रायव्हरचं नाव सांगतच चार पावलं चालले आणि दाराजवळच्या मेनचा दांडा खाडकन खाली ओढला.

सगळं अंधारलं. पंखा थांबत गेला. तेवढा कॉम्प्युटर उजळलेला, कारण तो यूपीएसवर होता. यूपीएस म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन चालवणारी बॅटरी. पंकज ओरडला, "चाचा, काय केलं? फाईल चालू होती ना!"

यूसुफभाई दांड्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग हाताकडे पाहत म्हणाले, "हात गेला. आदत आहे."

मी स्क्रीनकडे पाहिलं. निळी पट्टी मधेच अडकली होती. मग खाली वाकून मोडेम पाहिला. त्याचे सगळे दिवे विझलेले. यूपीएसला दोनच सॉकेट होती, एकात कॉम्प्युटर, दुसऱ्यात स्क्रीन. मोडेमची पिन बसवणाऱ्यांनी भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये खोचली होती. मेन खाली आला की मोडेम मेला. कॉम्प्युटर मात्र जिवंत, त्यामुळे फाईल वाटेत तुटली हे कोणाला कळायचंच नाही.

"यूसुफभाई, रोज याच वेळी मेन पाडता?"

"दिवस बुडला की पाडतो. त्याच्यात काय?"

"मग हे मला कधी सांगितलं का नाही?"

"चप्पल बाहेर काढून आत येतो, हे फोनवर सांगतो का मी तुम्हाले?" ते म्हणाले. "गठाणी आत असताना दिवेलागणीनंतर मेन चालू ठेवते का कोणी? कुठंतरी वायर तडकली, एक चिंगारी उडाली, तर सकाळी राख बी सापडत नाही. जिनिंगमध्ये पाह्यलं म्या. हे काय सांगाची गोष्ट हाय?"

सगळ्या घरी दिवे लागतात त्या वेळी कापसाच्या घरातले दिवे मालवायचे, हा या धंद्यातला जुना रिवाज. ज्यांनी कापसात आयुष्य काढलं त्यांना तो रिवाज वाटतही नाही. पंकज सोयाबीनवाला, त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो फक्त लाइट बंद करायचा, मेन रात्रभर चालू. म्हणून त्याच्या फायली पूर्ण जायच्या. आणि सुरुवातीला यूसुफभाईंच्याही पूर्ण जायच्या, कारण ऑक्टोबरात फाईलच्या वेळी बाहेर उजेड असायचा. दिवाळीनंतर दिवस लहान झाला. प्रोग्रामचं घड्याळ होतं तिथंच राहिलं, दिवेलागण अलीकडे सरकत सरकत नेमकी फाईलवर येऊन पडली. छोटी फाईल चटकन निसटायची, मोठी सापडायची.

मी तिथूनच गावंडे साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे चोरी कोणी केली?"

"कोणीच नाही, साहेब. गाठी गेल्या त्या ट्रकनंच गेल्या, गेट पासवर."

साहेब म्हणाले, ठीक आहे, मग यूसुफभाईला सांगा, यापुढे फाईल जाईपर्यंत मेन चालू ठेवायचा. मी निरोप दिला. यूसुफभाई म्हणाले, "नाही होणार. नोकरी ठेवा नाही तर काढा." ज्याच्या मानेवर पोलिसांची तक्रार लटकलेली, तो माणूस ती उतरते ना उतरते तोच साहेबाला नाही म्हणत होता. मला रागही आला आणि, खरं सांगते, फार बरंही वाटलं.

रविवारी सुट्टी मोडून मी मूळ फायली पुन्हा सर्व्हरवर चढवल्या. महागावचा साठा आणि थप्प्यांची मोजणी गाठीला गाठ जुळली. निखिलचा यावर विश्वास बसेना, मूळ फायलीत नोंदी मागाहून घातल्या यावरच अडून बसला. मग त्याला फोन धरायला लावून पंकजला एकदा मेन पाडायला सांगितलं आणि माझ्याकडे अर्धीच आलेली फाईल त्याला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा कुठं गप्प झाला. त्यानंतर त्यानं चांगलं काम केलं, ते नाकारत नाही. फाईल येत असताना तिला तात्पुरतं नाव, आणि शेवटची ओळ उतरल्यावरच खरं नाव. बाळ जन्मल्याशिवाय बारसं नाही, तसं. खरं नाव नसलेल्या फाईलला सर्व्हर हात लावत नाही. महागावची फाईल पाठवायची वेळही बदलली. संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी, मेन चढवल्यावर. हेड ऑफिसला कारण एका शब्दात हवं होतं. साहेबांनी लिहिलं, पॉवर फेल्युअर. तक्रार फोल्डरमधून निघाली आणि फाटली.

राहिला किल्ल्यांचा जुडगा. साहेब म्हणाले, पंकज येईल तेव्हा त्याच्या हाती पाठवून द्या. पंकज घेऊन गेला आणि तसाच परत घेऊन आला. यूसुफभाईंचा निरोप होता, ज्यानं घेतल्या त्यानं द्याव्या, अन् जिथं घेतल्या तिथं.

साहेब भडकले. नोकरी परत मिळाली तरी याचा ताठा जात नाही, वगैरे. जुडगा पुन्हा माझ्या ड्रॉवरमध्ये आला. काही दिवस तसेच गेले. साहेब कधी पेन मागायला आले की मी ड्रॉवर जरा जास्त उघडायची. तिकडे महागावचे व्यापारीच विचारायला लागले, आमचा यूसुफभाई कुठंय, हा नवा पोरगा रात्रभर करंट चालू ठेवत होता म्हणे, आमच्या गाठी जाळता का? तेव्हा साहेबांनी गाडी काढली. मोडेमची वायर नीट करायची म्हणून मीही सोबत गेले.

बाजाराचा दिवस होता. पोचेपर्यंत दुपार कलली होती, त्यात साहेबांनी आधी व्यापाऱ्यांकडे बैठक मारली. फाटकाशी आलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि निरोप मिळालेले यूसुफभाई बाहेरच उभे होते. हमाल ट्रक सोडून उभे राहिले. साहेबांनी जुडगा यूसुफभाईंच्या हातात दिला. यूसुफभाईंनी एकेक किल्ली चाचपून पाहिली आणि कडं कमरेला अडकवलं. कोणीतरी मागून सलाम केला. त्यांनी तो मान हलवून घेतला.

मग आम्ही ऑफिसात बसलो. साहेबांना वाटलं, काहीतरी समजावलं पाहिजे. हेड ऑफिसचा दबाव, नवी सिस्टीम, आपल्या हातात काय असतं, असं त्यांचं सुरू झालं. यूसुफभाई ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं, उठले, आणि साहेबांचं वाक्य अर्ध्यावर असताना मेन खाली ओढला.

साहेब अंधारात थोडा वेळ बोलत राहिले. मग थांबले.

पुढे कुठलंही नवं गोदाम जोडायचं असलं की पुण्याच्या यादीत नसलेला एक प्रश्न मी आधी विचारायची. मेन कोण पाडतं आणि कधी? बहुतेक ठिकाणी लोक हसायचे आणि म्हणायचे, हे काय विचारायची गोष्ट आहे का, मॅडम? जिथं असं उत्तर यायचं, तिथं मी स्वतः जायची आणि दिवस बुडेपर्यंत बसून राहायची.